सगळ्यात हळू गाडी पुढं

रश्मी, हळू बोल. आत झोपलेत.

तिसरी शिफ्ट करून सकाळी आले, अर्धी भाकरी खाल्ली आन् आडवे झाले. खिडकीला वाकळ लावलीय ती उजेड येऊ नये म्हणून. तुझ्या त्या मोबाईलची घंटी आधी बंद कर, न्हाईतर तुझा नवरा फोन करायचा आन् हे दचकून उठायचे. एकदा उठले की परत डोळा लागत न्हाई त्यांचा.

हां, आता सांग. विहारात पाटी लावायचीय, पहिल्या साली शिरूरवरनं मोटरसायकलींनी महाडला गेलेल्यांची. चांगली गोष्ट हाय. पण सम्राट सोता का आला न्हाई? बायकोच्या हातात वही दिली आन् पाठिवली मामीकडं. त्याला तोंड न्हाई हे विचारायला, म्हणून तुला पुढं केलं लबाडानं. मामांचं नाव 'पोचलेले'मध्ये घालायचं का 'सोबत निघालेले'मध्ये, व्हय ना? आगं बाई! पाच वर्षांनी हा प्रश्न पडला मंडळाला! कोण म्हणलं गं असं? जाऊ दे, नाव सांगू नको. सांगितलंस तर मी आत्ता उठून जाईन त्याच्या दारात.

बस. च्या ठेवते. तुझं लग्न होऊन दोन सालं झाली, तुला यातलं काय म्हाईत असणार? तुझ्यावर चिडत न्हाई मी. पण आलीयस तर सगळं ऐकून जा, मग काय लिहायचं ते लिही.

माझे सासरे, ज्ञानदेव ओव्हाळ, दौंडला रेल्वेत गँगमन व्हते. सगळी त्यांना आबा म्हणायची. उभा जन्म रुळावर गेला त्यांचा. दर साली मार्च आला की पोराला म्हणायचे, औंदा वीस तारखेला महाडला जाऊ, चवदार तळ्यावर. बाबासाहेबांनी जिथं ओंजळीनं पाणी घेतलं तिथं आपणबी ओंजळ भरू. आन् दर साली काय तरी आडवं यायचं. कवा सुट्टीचं जमलं न्हाई, कवा लग्न, कवा दुखणं. सत्त्याण्णव साली आबा गेले ते न जाताच. शेवटच्या दिवसांत ह्यांना एवढंच म्हणले, "महिंद्रा, तू जा. पण एकटा जाऊ नको. एकट्यानं जायचं ठिकाण न्हाई ते. रांगेनं जायचं."

झालं! ते एक वाक्य ह्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. मी किती वेळा सांगितलं, आवं, शिरूरच्या स्टँडवर एसटीत बसू, पुण्याला बदलू, सांजपर्यंत पोचू. आत्यांनाबी नेऊ, म्हंजी माझ्या सासूबाईंना. तर म्हणायचे, "एसटीत बसून गेलं तर ते पावण्यांकडं जाणं झालं, सुरेखा. रांग कुठं झाली?" एसटीनं गेलो असतो तर एव्हाना धा वेळा तळं बघून झालं असतं माझं. पण हेकट माणूस! बोलायला गरीब, कुणाला उलटून बोलायचा न्हाई, आन् एकदा मनात घेतलं की बैलासारखा रुतून बसायचा.

मग मोटरसायकलींचं निघालं. रांजणगावच्या कंपनीत लागल्यापासून आपल्या आळीतल्या सगळ्या पोरांनी हप्त्यानं का हुईना गाड्या घेतल्या व्हत्या. हे म्हणले, आपल्या बापजाद्यांनी पायी वाट तुडवली, आपण आपल्या गाड्यांवर जाऊ. आठ गाड्या, सात जोडपी, तुझा सम्राट तवा एकटाच, पांढरे कपडे, घाटातनं एका रांगेत. हे बोलताना त्यांचं तोंड असं फुलायचं ना रश्मी, मला हसू यायचं आन् रागबी यायचा. एवढ्या वर्षांत माझ्याकडं बघून कवा फुललं नव्हतं तसं.

बैठका आमच्याच दारात व्हायच्या. सहाजण कंपनीतले, एकाच पेंट शॉपातले. तुझा सम्राट त्यातलाच, नुकता लागलेला. दोघं भांडगावचे, पोपटराव आन् त्यांचा धाकटा भाऊ, शेती आन् दूधवाले. च्या मी करायची, आन् आतनं ऐकायची. एकजण म्हणायचा, जातोयच तर महाबळेश्वर करून येऊ, बायका खूश व्हतील. दुसरा म्हणायचा, गाडीला टेप बांधू. सम्राटची तर नवी कोरी गाडी, तो म्हणला, "मामा, माझी गाडी पुढं. मी रस्ता काढतो, तुमी मागनं या." हे सगळं ऐकून घ्यायचे आन् शेवटी म्हणायचे, "सहल न्हाई ही. सगळ्यात हळू गाडी पुढं."

सगळ्यात हळू कुणाची? पोपटरावांची एम-एटी. दुधाचे कॅन वाहून वाहून तिचा जीव गेलेला. चढाला लागली की म्हशीसारखी फुसफुसायची. ती पुढं, तिच्या चालीनं बाकीच्या, आन् जोरात पळणारी मागं. म्हंजी कुणी सुटत न्हाई, कुणी कुणाच्या पुढं जात न्हाई. प्रत्येकानं आरशात मागच्याला बघायचं. मागचा दिसला न्हाई तर तिथंच थांबायचं. आन् सगळ्यात शेवटी हे. सम्राटचं तोंड पडलं, पण मामापुढं बोलतो कुठं.

गेल्या सालचं कॅलेंडर उलटं करून ह्या इथं भिंतीला लावलं व्हतं. त्यावर सगळा रस्ता काढलेला. शिरूर, न्हावरा, चौफुला, भांडगाव, उरुळी, सासवड, कापूरहोळ, भोर, मग वरंध्याचा घाट आन् खाली महाड. माणूस एकदाबी तिकडं गेलेला नव्हता, पण वळण न् वळण तोंडपाठ. डेपोत जाऊन ड्रायव्हर लोकांना च्या पाजायचे आन् विचारायचे, घाटात आवघड वळण कुठलं, दगडं कुठं सुटत्यात. पंक्चरवाला कुठं हाय, पेट्रोल कुठं भरायचं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. आन् चार ठिकाणी बारकी फुली, बाजूला लिहिलं व्हतं, 'बायांसाठी आडोसा.' ते मी परत परत वाचलं. आजवर ट्रकनं किती सभांना गेले मी, पण बायांनाबी उतरायला लागतं हे कुणा बाप्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

रस्ता सोपा व्हता गं. आवघड व्हती सुट्टी. एका शॉपातनं सहाजण एका दिवशी सोडायला कंपनी काय यडी हाय? साहेबाचं म्हणणं एकच, बदली माणूस दे आन् जा. म्हंजी तुझ्या जागी दुसरा उभा राहिला पायजे, आन् त्याच्या जागी कवातरी तू. ते बाकीचे सगळे मराठ्यांचे, माळ्यांचे, आसपासच्या गावचे. मनानं वाईट नव्हते. पण त्यांच्या यात्रा, त्यांचे कांदे, त्यांचे पाडवे. ज्याला त्याला आपापला दिवस पायजे. मग ह्यांनी सगळ्यांशी बोली केली. "तुझ्या गावच्या यात्रेला मी उभा राहतो, तू वीस मार्चला सम्राटच्या जागी उभा राहा." अशी पाच माणसांसाठी पाच जणांशी बोली. आन् फेडायची कुणी? ह्या एकट्यानं.

नव्याण्णव साली सहातल्या दोघांचीच सुट्टी जमली. हे म्हणले, रांग न्हाई झाली, आन् न्हावऱ्यापर्यंत जाऊन माघारी आले. दुसऱ्या साली सहाच्या सहा सुट्ट्या पास. मी नवं पातळ इस्त्री करून ठेवलेलं. आन् एकोणीस तारखेला ऑर्डर आली, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. ते पातळ घडीबी न मोडता मी रागानं आत्यांना नेसायला दिलं. त्याच्या पुढच्या साली मार्चातच आत्या पडल्या, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून हे माणूस पुढच्या सालचं कॅलेंडर आखत व्हतं. मला वाटलं, फाडून टाकावं ते कॅलेंडर.

दोन हजार एकची दिवाळी सरली आन् मग जे सुरू झालं ते मला विचारू नको. डबल, डबल, डबल. सात ते साडेतीन सोताची, साडेतीन ते बारा दुसऱ्याची. कवा तिसरी करून पहिली. सोळा सोळा तास तो रंगाचा वास. घरी आले की डोळे लाल, खोकला, आन् ताटावर बसल्या बसल्या हातात घास धरून झोपायचे. मी पोरांना घेऊन दुपारभर दारात बसायची. भांडीवाली आली, "हळू वरड गं बाई." शेजारणीचा रेडिओ, "बारीक कर." सगळ्या आळीशी वैर घेतलं मी ह्यांच्या झोपेपायी. आन् झोपायचे किती? दोन तास, तीन तास. मी म्हणायची, "तळ्यावर जायचंय का सरणावर?" हसायचे. "मार्च झाला की झोपतो की." मला तवा त्यांचा इतका राग यायचा, आन् रातच्याला त्यांची रिकामी वाकळ बघून मीच रडत बसायची.

पण जमिवलं बाई त्यांनी. दोन हजार दोनच्या मार्चात सगळ्यांची बदली ठरली. एवढंच न्हाई, एकोणीस तारखेला पाचीजणांना पहिली शिफ्ट पडंल असं बघितलं. चारला घरी, नऊला झोप, सकाळी आठला निघायचं. कॅलेंडरवर एकेकाच्या नावापुढं लिहिलं व्हतं, 'झोप आठ तास.' घाट हाय, झोप पायजे, असं पोरांना बजावत व्हते. सोताच्या नावापुढं मात्र झोप लिहिली न्हाई. नुसतं लिहिलं, 'विश्वजीत.'

विश्वजीत म्हंजी त्यांच्याच मशीनवरचा, मराठ्यांचा पोरगा. ह्यांची त्या आठवड्यात तिसरी शिफ्ट व्हती, एकोणीसच्या रात्रीची तो करणार व्हता. त्याच्या गावच्या यात्रेला हे दोन दिवस उभे राहिले व्हते. तर एकोणीसला दुपारी तो दारात आला. खाली मान. "वहिनी, काय सांगू, सुलक्षणाला बघायला उद्या सकाळी पावणं येत्यात. आत्ता सांगावा आला. वडील न्हाईत, घरात करता मीच." बहिणीचं लग्न जमत नव्हतं गं त्याच्या तीन सालं, मलाबी ठाऊक व्हतं. मी आतनं मनात म्हणत व्हते, ह्यांनी न्हाई म्हणावं, एकदा तरी न्हाई म्हणावं. हे म्हणले, "जा रे. बहिणीचं बघ. मी करतो रात्रपाळी."

तो गेल्यावर मी भांडीच आपटली. "आवं, सातला सुटणार आन् आठला घाटाला निघणार? माणूस हाय का कोण तुमी?" तर जवळ आले, हळू आवाजात म्हणले, "सुरेखा, पोरांना सांगू नको. सम्राटला कळलं तर तो म्हणंल पुढच्या साली जाऊ. पुढच्या साली माझ्यात ताकद न्हाई गं राहिली." हे शेवटचं खरं बोलले. तोंडावर दिसत व्हतं. मग मी तोंडाला कुलूप घातलं. ती चूक माझी. लिहायची तर तीबी लिही.

सकाळी साडेसातला आले. अंघोळ, दाढी, पांढरा सदरा. कुणी बघितलं असतं तर म्हणलं असतं, ताजातवाना नवरदेव. आठला विहारापुढं वंदना झाली, आत्यांनी काठी टेकत येऊन प्रत्येकाच्या गाडीला निळा झेंडा बांधला, भांडगावच्या दोघांचे बरोबर दिले. भांडगावला दूध डेअरीला घालून पोपटराव तयारच व्हते. त्यांची एम-एटी पुढं आली, आन् आठ गाड्यांची रांग लागली. खरं सांगते रश्मी, मी शेवटच्या गाडीवर मागं बसून पुढं बघितलं ना, तवा मला आबा समजले. आठ झेंडे एका वळणानं वळत व्हते. रस्त्याकडंची माणसं थांबून बघत व्हती. हे म्हणले, "मोज." मी मोजलं. "आठ," म्हणलं. म्हणले, "परत मोज."

सासवडच्या अलीकडच्या चढाला त्यांचा खांदा पहिल्यांदा खाली आला. मी पाठीवर थाप मारली. "जागा हाय," म्हणले. परत आला. चिमटा काढला. थोड्या वेळानं चिमटाबी लागंना. मग मला सुचलं, ह्या माणसाला एकाच गोष्टीनं जाग येती, माझ्या भांडणानं. मी सुरू केलं. लग्नात तुमच्या चुलत्यानं माझ्या बापाला काय बोललं ते काढलं. "आता ते कशाला?" म्हणले. बरं वाटलं, जागे झाले. मग माझ्या माहेरचं पातळ तुमच्या बहिणीला दिलं ते. मग बाळंतपणाला माहेरी गेले तर चार महिने न्यायला आला न्हाई ते. सासवड ते भोर मी भांडले बघ. अठरा वर्षांचं सगळं काढलं. काही काही तर मीच रचलं. पुढच्या गाड्यांवरच्या बाया मागं वळून बघायच्या, हिला आजच्या दिवशी काय झालं म्हणून. भोरला पिठलं-भाकरी खाल्ली, आन् ह्यांनी नळाखाली डोकं धरलं. सम्राटनं विचारलं, "मामा, डोळं लाल का हायेत?" म्हणले, "धुरळा गेला." मी तोंड फिरवून उभी राहिले.

घाट लागला तवा दोन वाजून गेले व्हते. ऊन नुसतं डोक्यात. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आन् माझी भांडणं संपली. आगं, खरंच संपली! आठवंनात मला. मी म्हणलं, "तुमच्या आईनं मला..." आन् पुढं काय ते सुचंना. हे "हूं" म्हणले. मी नुसतंच "ऐकताय का?" म्हणलं. त्यांची मान पुढं पडली. आन् गाडी हळूच उजवीकडं निघाली. पुढं कठडा, कठड्याच्या पलीकडं काय न्हाई. खालनं एसटी येत व्हती, तिनं हॉर्न दिला. मी दोन्ही हातांनी त्यांचे कान धरून मागं वढले आन् अशी किंचाळले की घशातनं रगत आलं असं वाटलं. ब्रेक लागला. पुढचं चाक कठड्याला लागून थांबलं. एसटी बाजूनं गेली.

मी खाली उतरले. पयलं काम केलं, गाडीची किल्ली काढली आन् पदराच्या गाठीत बांधली. हे म्हणले, "सुरेखा, किल्ली दे. रांग पुढं गेली." मी म्हणलं, "देत न्हाई." म्हणले, "धा मिन्टं तोंडावर पाणी मारतो, निघू. खाली उतरलं की महाडच हाय." मी म्हणलं, "देत न्हाई म्हंजी न्हाई." ते कठड्याला टेकून बसले, "आबा काय म्हणले व्हते तुला ठाव..." एवढं बोलले आन् बोलता बोलता झोपले. तोंड उघडं, हात तसाच पुढं, किल्ली मागत.

त्यांनीच घालून दिलेला नियम, मागचा दिसला न्हाई तर थांबायचं. दोन वळणांपुढनं सगळे माघारी आले. पाठीमागं आठवी गाडी न्हाई म्हणल्यावर सम्राट सगळ्यात आधी. मग मला सांगावंच लागलं, रात्रपाळी करून आलेत म्हणून. सम्राटनं कपाळाला हात लावला. रडायलाच लागला तो. "मामी, आधी का न्हाई सांगितलं?" पोपटराव म्हणले, माझ्या मागं बसवू, मध्ये बांधू. झोपलेल्या माणसाला दुचाकीवर घाटात कसं बांधायचं? दुसरा म्हणला, पाणी मारून उठवू, आपल्या दोघांच्या मध्ये नेऊ. उठले असते गं ते. मला ठाऊक हाय, उठिवलं असतं तर त्या माणसानं डोळे ताणून तळं गाठलं असतं. न्हाईतर दरी गाठली असती. सम्राट म्हणला, "आमी थांबतो. मामाशिवाय कसं जायचं?" तिथनं पुढं तासाभराची वाट. तळ्यावरचा कार्यक्रम सांजच्याला. थांबले असते तर आठीच्या आठी राहिले असते.

मी म्हणलं, "तुमी जावा. रांग मोडायची न्हाई."

सम्राट म्हणला, "मामा मला कवा माफ करणार न्हाईत."

मी म्हणलं, "आन् त्यांना उठिवलंस तर मी तुला कवा माफ करणार न्हाई. जा. सगळ्यात हळू गाडी पुढं."

गेले. मला म्हणत व्हते, तुमी तरी चला. मी न्हाई गेले. त्यांनी बघितल्यावर मी बघीन, आधी न्हाई. सात झेंडे वळणावर गेले, मग आवाजबी गेला.

कठड्याच्या आत थोडी सावली व्हती एका झाडाची. मी त्यांना तिथं वढत नेलं, पिशवी डोक्याखाली दिली, तरी जाग न्हाई. घोरत व्हते. पाच महिन्यांत असे घोरले नव्हते. मी शेजारी बसले. खाली कोकण दिसत व्हतं सगळं, धुरकट. कुठंतरी त्यात तळं असंल. मला वाटत व्हतं, उठवावं का? अजून वेळ हाय. चार वाजले, अजून वेळ हाय. चार सालं राबलं हे माणूस ह्या एका दिवसासाठी, आन् मी बाई किल्ली पदरात बांधून बसलीय. हात पुढं करायची आन् मागं घ्यायची. माकडं आली, एक पिशवीजवळ आलं, त्याला मी दगड मारला न्हाई, आवाज व्हईल म्हणून नुसते हात हलिवले.

ऊन पिवळं झालं तवा त्यांनी डोळे उघडले. पडल्या पडल्याच विचारलं, "किती गेल्या?"

"सात," म्हणलं.

"एम-एटी तापली न्हाई ना?"

"न्हाई."

"कुणी मागं राहिलं न्हाई?"

मी म्हणलं, "तुमी राहिला की आवं! तुमीच राहिला!" आन् पदराची गाठ सोडून किल्ली त्यांच्या हातात दिली. म्हणलं, "चला. आंधार पडायच्या आत उतरू. कार्यक्रम न्हाई तर न्हाई, तळं तर हाय."

त्यांनी किल्लीकडं बघितलं. खाली कोकणाकडं बघितलं बराच वेळ. मग मला म्हणले, "सुरेखा, आज माझी सुट्टी हाय ना?"

"हाय," मी म्हणलं.

"कुणाच्या जागी उभं न्हाई ना राहायचं?"

"न्हाई."

"मग झोपू का गं अजून थोडा?"

नवरा माझा, मला विचारत व्हता, झोपू का. मी काय म्हणणार? झोपा म्हणलं. किल्ली माझ्या हातात परत दिली आन् कुशीवर वळले.

अंगावर पदर घातला त्यांच्या. सातजण माघारी आले तवाच ते उठले. सम्राटनं बाटलीत तळ्याचं पाणी आणलं व्हतं. हे काय प्याले न्हाईत. आत्यांना दिलं, आबांच्या नावानं एक ओंजळ.

त्यानंतर दर साली गाड्या वाढत गेल्या. औंदा एकवीस म्हणतीस ना? एकवीसजण जाणार तर एकवीसजणांच्या जागी कुणीतरी उभं राहायला पायजे. ते कॅलेंडर अजून हेच आखत्यात. मी म्हणते, ह्या साली तरी जाऊ. म्हणत्यात, "पोरांचं होऊ दे, मला काय, सवय हाय." परवा एकोणीसची तिसरी आन् वीसची पहिली, दोन्ही हेच करणार हायेत. त्यातली एक तुझ्या सम्राटच्या जागी. म्हणून तो आला न्हाई इथं, कळलं?

वही का मिटलीस? आगं, रडू नको. च्या घे, निवला. जिथं लिहायचं तिथं लिही, मी काय भांडायला येणार न्हाई. माझी भांडणं त्या घाटातच संपली. सम्राटला फक्त एवढं सांग, औंदा त्याच्या रांगेत शेवटची गाडी कुणाची हाय ते बघ, आन् त्या माणसाला आदल्या रात्री झोपायला सांग.

आन् जाताना दार हळू वढ.